वाडीची एकेचाळीस मतं

३ ऑगस्ट

आजपासून यादीला बसलो. नगरपालिकेची निवडणूक कधी लागेल ते देव जाणे, पण यादी आधी तयार हवी, हा माझा पस्तीस वर्षांचा नेम आहे. आमच्या भागात बदलापूरच्या कुळगावातल्या तीन गल्ल्या, सहा सोसायट्या आणि टेकडीखालची ठाकरवाडी येते. एकूण नऊशे अठ्ठेचाळीस मतदार. प्रत्येक नावापुढे मी स्वतःच्या हाताने खूण करतो. आपला असेल तर बरोबर, विरोधातला असेल तर फुली, कुंपणावरचा असेल तर टिंब. अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीला होतो. न तपासलेला माल माझ्या हातून कधी बाहेर गेला नाही. यादीचंही तसंच. गेल्या वेळी माझ्या आकड्यात आणि मतमोजणीत अकरा मतांचा फरक पडला, आणि त्यातले दोघे मतदानाच्या दिवशी तापाने पडले होते.

घरापासून सुरुवात केली. मी, कुमुदिनी, वरद आणि सूनबाई राजसी. वरद-राजसी पुण्याला राहायला गेले त्याला सहा वर्षं झाली, पण मतदानाला येतात, म्हणून नावं इथंच ठेवली आहेत. चार बरोबर.

कुमुदिनी भाजी निवडत होती. म्हणाली, "माझ्यापुढे बरोबर करू नका."

"मग काय फुली करू?"

"तपासल्याशिवाय खूण करत नाही म्हणता ना? मग विचारा तरी."

मला हसू आलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला काय विचारायचं? बरोबर करून टाकलं.

१० ऑगस्ट

वाडीवर जाऊन आलो. चिखल एवढा की चपला हातात घेऊन चढावं लागलं. वाडीत एकेचाळीस मतं, आणि ती माझ्या हक्काची. यांची रेशनकार्डं मी केली, मतदार कार्डं मी केली, फोटो काढायला सगळ्यांना टेम्पोत घालून स्टेशनजवळच्या स्टुडिओत मीच नेलं होतं. येसू आणि तिचा नवरा गोमा हे वाडीतलं मुख्य घर. भात लावतात, रानभाजी आणि लाकूडफाटा बाजारात आणून विकतात. येसू देईल तिकडे वाडी देते.

तिने ओटीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "काका, औंदा नाय."

"म्हणजे?"

"औंदा तुमच्या निशानीला नाय. तुमाला खोटं कशाला सांगू? बारवी धरनाचा पाइप आमच्या दारावरनं जातो आनि आमी पान्याला झऱ्यावर जातो. दोन निवडनुका झाल्या, नळ काय आला नाय."

गोमा म्हणाला, "तुमच्यावर राग नाय, काका."

मी तासभर समजावलं. वरपासून खालपर्यंत आपलीच सत्ता असली की कामं पटापट होतात, योजना मंजूर आहे, फक्त निधी यायचा बाकी आहे. येसूने सगळं ऐकून घेतलं आणि निघताना पिशवीभर कर्टुली दिली.

घरी येऊन एकेचाळीस फुल्या केल्या. वाईट वाटलं, पण खोटी खूण करणं माझ्या स्वभावात नाही.

२४ ऑगस्ट

आमच्या भागातून संदीपला तिकीट मिळणार हे नक्की झालं. दोन वर्षांपूर्वी तो समोरच्या पक्षात होता तेव्हा चौकसभेत मी त्याला जमिनी गिळणारा अजगर म्हटलं होतं. आता तो आपल्यात आहे आणि भेटला की माझ्या पाया पडतो. कुमुदिनी म्हणते, अजगराने कात टाकली वाटतं. तिला राजकारणातलं कळत नाही. माणूस योग्य पक्षात आला की सुधारतो, हा माझा अनुभव आहे.

यादी त्याच्या कार्यालयात नेऊन दिली. करण नावाचा त्याचा उजवा हात आहे, चाळिशीचा, उल्हासनगरला प्लॉटचे व्यवहार करतो. त्याने पानापानाचे फोटो काढले. म्हणाला, "काका, ये तो सोना है. इतना परफेक्ट कोण करतं आजकाल?" फुल्यांची पानं तर त्याने दोनदोनदा पाहिली. कामाचा माणूस आहे. विरोधातल्या मतांवर मेहनत घेणार असं दिसतं.

७ सप्टेंबर

करण सकाळी चहाला आला. सोबत फॉर्मचा गठ्ठा. यादीतून नाव कमी करण्याचा अर्ज असतो तो. "मयत आणि सोडून गेलेले साफ करायचेत, काका. तुम्ही सह्या करा, नावं ऑफिसात भरतो."

ही साफसफाई दर निवडणुकीला होते. मेलेल्यांची नावं मीच किती वेळा काढली आहेत. तरी विचारलं, नावं आधी भरून का नाही आणलीत?

तो म्हणाला, "तुमच्यावर भरोसा आहे म्हणून तुमच्याकडे आलो. तुमचा नाही का आमच्यावर?"

मग बासष्ट सह्या केल्या. शेवटी शेवटी बोट दुखायला लागलं.

कप उचलताना कुमुदिनीने विचारलं, "कारखान्यात केली असतीत कोऱ्या कागदावर सही?" मी म्हणालो, कारखाना वेगळा, पक्ष वेगळा. पक्षात एकमेकांवर विश्वास नसेल तर उरलं काय?

२६ सप्टेंबर

आज अक्षर वाकडं येतंय.

दुपारी गोमा आला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढून समोर ठेवले. "वाचून सांगा, काका. वाडीत सगल्यांना आलेत. पोस्टमन बोल्ला सही करा, आमी अंगठं दिलं."

वाचायला घेतलं. सदर मतदार नमूद पत्त्यावर राहत नाही अशी हरकत प्राप्त झाली आहे, तरी चौदा ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता अंबरनाथला तहसील कचेरीत पुराव्यासह हजर राहावे. त्याखाली हरकत घेणाऱ्याचं नाव. माझं. वडिलांच्या नावासकट, घर क्रमांकासकट.

मी तारखेपर्यंत मोठ्याने वाचलं आणि थांबलो. गोमाला वाचता येत नाही.

"राहत नाय म्हंजे?" तो म्हणाला. "मंग आमी राहतो कुठं?"

"काहीतरी गडबड झाली असेल. कॉम्प्युटरमध्ये होतं असं."

"गेल्या साली मोजनीवाले आलते ना, ते बोल्ले, जागा तुमची तर कागद दाखवा. आमच्याकडं येवढाच कागद, मतदानाचा. आता यात बी नाय म्हनले तर घरं पाडतील का, काका?"

जमीन त्यांच्या नावावर नाही. आजोबा-पणजोबांपासून राहतात एवढंच. त्या टेकडीखाली टाऊनशिप होणार असं कार्यालयात दोनदा कानावर आलं होतं. मी त्याचा या कागदाशी संबंध लावला नव्हता. कोण लावेल?

गोमाला म्हणालो, मी बघतो. तो गेल्यावर दाराला आतून कडी लावली. भर दुपारी का लावली, ते मलाच कळलं नाही.

२७ सप्टेंबर

फॉर्मची एक कोरी प्रत घरात राहिली होती. तळाशी बारीक अक्षरात छापलंय की खोटं विधान करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पस्तीस वर्षांत मी तो मजकूर कधी वाचला नव्हता. बासष्टांतले एकेचाळीस वाडीचे. उरलेले एकवीस कोण, तेही मला माहीत नाही.

जेवण गेलं नाही. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून आणखी एक घेतली नाही.

२९ सप्टेंबर

संदीपकडे गेलो. आधी पाया पडला, मग खुर्ची दिली, मग उसाचा रस मागवला. मी कागद पुढे केला.

"अरे, हे चुकून गेलंय," मी म्हणालो. "ती माणसं तिथंच राहतात. मी स्वतः जाऊन आलोय."

"काका, चुकून काही गेलं नाही," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "फुल्या तुम्हीच केल्यात ना? एकेचाळीस मतं म्हणजे थोडी नाहीत. सुनावणीला सगळे थोडेच येणार? मजुरी सोडून कोण अंबरनाथला जातंय? नावं आपोआप उडतील. तुम्ही फक्त घरी बसा."

"त्यांची घरं जातील रे."

"टाऊनशिप झाली की त्यांनाच वॉचमनची, घरकामाची कामं मिळतील. विकास असाच होतो. हे तुम्हीच भाषणात सांगता."

मी म्हणालो, मी ते फॉर्म मागे घेतो. तेव्हा तो हसायचा थांबला नाही, पण आवाज खाली आणला. "सही तुमची आहे, काका. आम्ही कुठे आहोत त्यात?"

रस पिऊन उठलो.

३ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. संदीप चुकीचा असेल, पक्ष चुकीचा नाही. एका माणसासाठी पक्षावर चिखल उडवायचा नसतो. समोरचे सत्तेत असते तर त्यांनी याहून वाईट केलं असतं. शिवाय टाऊनशिप झाली तर बदलापूरचं भलंच आहे.

हे सगळं लिहिल्यावर बरं वाटायला हवं होतं. शेजारचे आण्णा समोरच्या पक्षाचे. त्यांच्या पक्षाने काहीही करो, त्यांच्याकडे उत्तर तयार. मी त्यांना कायम चिडवतो की आण्णा, तुम्हाला झापडं लावलीत. आज वरचा परिच्छेद परत वाचला तेव्हा तो आण्णांच्या आवाजात ऐकू आला. पान फाडणार होतो. फाडलं नाही.

७ ऑक्टोबर

करण आला. पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं टेबलावर ठेवली, बारा तारखेची जायची, अठराची यायची. "नातवाला भेटून या, काका. काकूंना पण चेंज मिळेल."

"मला नातू नाही," मी म्हणालो.

"अरे हां. तो बेटे से मिल लो." मग खिडकीशी जाऊन बाहेर बघत म्हणाला, "स्कूटर बाहेरच लावता का रोज? आजकाल भरोसा नाही राहिला. काकू सकाळी भाजीला एकट्याच जातात ना, स्टेशनकडे?"

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही, काही नाही. कुमुदिनी कधी भाजीला जाते, हे याला कसं माहीत?

संध्याकाळी फाटकासमोर एक बाइक थांबली होती, तासभर. वर बसलेला माणूस मोबाइलमध्ये बघत होता. कदाचित कोणाची वाट बघत असेल. मी पडद्याआडून बघत राहिलो आणि कुमुदिनीला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ दिलं नाही.

१० ऑक्टोबर

कुमुदिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, चला पुण्याला. वाटलं म्हणजे, तशी आशा होती.

ती म्हणाली, "मी गेली पंधरा वर्षं तुमच्या पक्षाला मत देत नाही."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. पंधरा वर्षांत आठ-नऊ निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी आम्ही बरोबर गेलो, बरोबर आलो, आल्यावर तिने शिरा केला.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि खरं सांगू? भीती वाटायची."

"माझी?"

"तुमची नाही हो. तुमचं घर मोडल्यासारखं होईल, त्याची. लेकीने सासर सोडून यावं तसा चेहरा करता तुम्ही, नुसतं कोणी पक्षाला बोललं तरी."

म्हणजे माझ्याच घरात खूण चुकलेली, पंधरा वर्षं. मग बाहेरच्या नऊशेंचं काय सांगावं? विचारलं, "मी काय करू?" ती म्हणाली, ते तुम्ही ठरवा, पण तिकिटं मी चुलीत घातली आहेत. आमच्याकडे चूल नाही. गॅसवर जाळली असावीत.

१४ ऑक्टोबर

गेलो.

सकाळी येसूला निरोप धाडला होता की सगळ्यांनी यायचं, एकही माणूस मागे ठेवायचा नाही, टेम्पोचं मी बघतो. म्हाताऱ्या बनूबाईला दोघांनी धरून चढवलं. वाटेत मी येसूला सांगितलं की हरकत माझ्या नावाने गेली आहे.

"तुमी केली?"

"कोऱ्या कागदावर सही केली होती. चूक झाली."

टेम्पो वडवलीच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, "मानूस चुकतो." बस. मला रडू येत होतं, ते दाबलं.

कचेरीत गर्दी होती. मागच्या बाकावर करण बसलेला, पायावर पाय टाकून. मला बघून त्याने हात जोडले.

साहेब तिशी-पस्तिशीचे, बोलायला सरळ. "हरकतदार कोण?"

"मी."

"सही तुमची?"

"हो."

"हे लोक इथे राहत नाहीत, असं लिहिलंय."

"राहतात, साहेब. तीस वर्षं मी यांच्या घरी जातोय. हे सगळे इथे उभे आहेत."

"मग असं लिहिलंत कशाला?"

"चूक झाली."

"एकेचाळीस चुका?" त्यांनी फॉर्म चाळले. "अक्षर तुमचं दिसत नाही. कोणी भरले हे? कोणी सांगितलं तुम्हाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. येसू, गोमा, बनूबाई. मागून बाक करकरला. मी वळून पाहिलं नाही, पण करण उभा राहिला असणार. स्टेशनकडे जाणारा सकाळचा रस्ता आणि भाजीची पिशवी घेतलेली कुमुदिनी डोळ्यांपुढे आली. आणि खरं सांगायचं तर पक्षाचा झेंडाही आला. पस्तीस वर्षं तो मी माझ्या हाताने लावलाय.

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो. "माझीच चूक. वय झालं."

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग लिहायला लागले. हरकती फेटाळल्या, नावं कायम. खोट्या अर्जांबद्दल मला वेगळी नोटीस येऊ शकते म्हणाले. बाहेर आल्यावर बनूबाईने माझे हात हातात घेतले. गोमा म्हणाला, "काकांनी सोताच्या अंगावर घेतलं."

इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. सगळं निभावलं. वाडीची नावं राहिली आणि पक्षाला डागही लागला नाही.

१५ ऑक्टोबर

कुमुदिनीने विचारलं, "संदीपचं नाव घेतलंत?"

"गरज पडली नाही."

"वाडीला ठाऊक आहे, हे कोणी केलं ते?"

"ठाऊक असून काय करणार आहेत बिचारे? नावं वाचली ना?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती, त्या घालतच राहिली.

२६ ऑक्टोबर

पक्षाच्या ग्रुपमधून मला काढलं. कोणी काही लिहिलं नाही, नुसतं काढलं. दिवाळीला दरवर्षी दारात तीसेक माणसं यायची, यंदा चार आली, त्यात एक आण्णा. स्कूटरची दोन्ही चाकं फाडली. बाइक संध्याकाळी येते, तासभर थांबते, जाते. कुमुदिनीबरोबर भाजीला मी जातो. ती पुढे चालते, मी मागे बघत चालतो.

तहसीलची नोटीस अजून आलेली नाही. फाटक वाजलं की आधी पडद्याआडून बघतो.

१६ नोव्हेंबर

प्रचार जोरात आहे. माझा भाग दुसऱ्या कोणाला दिला. संदीप वाडीवर जाऊन आला म्हणे. तुमच्या काकांनी तुमची नावं वाचवली, काका आमचेच आहेत, असं सांगून आला, असं रिक्षावाल्याने सांगितलं. ऐकून जरा बरं वाटलं. म्हणजे त्याने मनात काही ठेवलेलं नाही. कदाचित बाइकही आता येणार नाही.

वाडीवर एकदा जाऊन यायला हवं होतं. पण कोणी बघितलं तर उगाच पुन्हा सुरू होईल. निवडणूक झाल्यावर जाईन.

२९ नोव्हेंबर

मतदान झालं. शाळेच्या पटांगणात येसू रांगेत होती, धुतलेलं लुगडं नेसून, हातात कार्ड धरून. तिच्या मागे अख्खी वाडी. मला बघून तिने कार्ड उंच करून दाखवलं आणि हसली. मी हात हलवला.

आत गेलो. यंत्रासमोर उभं राहायला मला कधी पाच सेकंदांपेक्षा जास्त लागत नाहीत, कारण कुठे बोट न्यायचं ते बोटालाच पाठ आहे. आज बोट तिथे गेलं आणि थांबलं. आतली बाई म्हणाली, आजोबा, बटण दाबा. मी दुसरं बटण दाबलं.

पक्ष मी सोडलेला नाही. फक्त संदीपला मत दिलं नाही. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. दारात चप्पल काढताना वडील गेले त्या दिवशीसारखं वाटलं. कुमुदिनीला सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन बसली.

१ डिसेंबर

संदीप एकोणतीस मतांनी निवडून आला.

माझं गणित जुळत नाही. गल्ल्यांचा आकडा बरोबर आहे, सोसायट्यांचा दोन-चार इकडेतिकडे. वाडी विरोधात धरली तर तो पन्नासेक मतांनी पडायला हवा होता. ही मतं कुठून आली? सोसायट्यांमध्ये काहीतरी वाटलं असणार. यादी परत काढून संध्याकाळपर्यंत बसलो, पण चूक सापडली नाही.

फटाके आमच्या फाटकासमोर मुद्दाम जास्त वेळ वाजवले.

५ डिसेंबर

सकाळी येसू आली. डोक्यावर नव्या भाताच्या तांदळाचं गाठोडं. दमली होती, पण चेहरा निवांत होता. कुमुदिनीने पाणी दिलं.

"काका, मोजनीवाले आलेत. चुन्याच्या फक्कीनं रेघा मारतात. आमच्या ओटीवरनं रेघ नेली. म्या त्यांना बोल्ली, थांबा, आमच्या काकांना आनते. तुमी जरा संदीपशेटला फोन लावा. तुमचा शबूद तो मोडायचा नाय."

"माझं तो का ऐकेल?"

"का म्हंजे? एकेचाळीस मतं दिलीत त्याला. बनूबाईला पन नेली. त्यो बोल्ला, काकांचा मानूस तो आमचा मानूस. तुमी आमच्याकरता तिथं उभं राह्यले, मंग आमी नळाचं डोक्यातनं काढलं. बोल्लो, औंदा काकांच्या निशानीलाच."

मी भिंतीला हात लावला. एकेचाळीस. चार दिवस जो आकडा शोधत होतो तो हाच, तिकडची एकेचाळीस इकडे आली की ब्याऐंशीचा फरक. वाडीने संदीपला निवडून आणलं, आणि ते माझ्यासाठी.

मग सांगितलं. आता न सांगून चालणार नव्हतं. त्या कागदांवर नावं संदीपच्या माणसांनी भरली, जागा त्याला हवी आहे, टाऊनशिप त्याची आहे, मी त्याच्याकडे गेलो होतो, तो काय म्हणाला, सगळं. मी स्वतः त्याला मत दिलं नाही, हेही सांगितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा दिलं नाही, असंही म्हणालो. तिला त्याची किंमत वाटेल असं का वाटलं कोण जाणे.

येसू उभी राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्या साह्यबांनी इचारलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. "कोनी सांगितलं म्हनून. आमी सगले तिथंच व्हतो. तवा का नाय बोल्लात?"

"भीती वाटली, येसू."

तिने मग डोक्यावरची चुंबळ सरळ केली.

"भीती आमाला पन वाटत व्हती, काका. तरी आलो ना आमी."

आणि ती गेली. तांदळाचं गाठोडं नेलं नाही. कुमुदिनी म्हणाली, मी जाते तिच्याबरोबर वाडीवर, आणि चपला घालून निघालीसुद्धा. मी दारात उभा होतो. त्या दोघी वळणापर्यंत दिसत होत्या. फाटकासमोर बाइक उभी होती.

हे लिहायला बसण्याआधी मी चपला घातल्या होत्या. त्या अजून पायात आहेत.